३८०० डॉलरचा चिनी ट्रॅक्टर आणि पेन्सिलीनं लिहिलेली वही

आधीच सांगतो, मी ट्रॅक्टरमधला जाणकार वगैरे नाही. दिवसभर सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो, म्हणजे दुसऱ्यानं केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. पण बारावीपर्यंत वाळवा तालुक्यात आमच्या एचएमटी २५११ ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून वाढलोय, त्यामुळं डिझेलचा वास आला की अजून बरं वाटतं. आता नॉर्थ कॅरोलिनात रॉलीपासून पाऊण तासावर राहतो. २०१८ च्या उन्हाळ्यात टाउनहाऊस विकून सहा एकर जागा आणि त्यातलं जुनं घर घेतलं. सहा एकर म्हटल्यावर गावाकडं सगळ्यांना वाटलं पोरानं अमेरिकेत बागायत केली. बागायत कसली, लाल चिकणमाती, कंबरेएवढं गवत, पाईनची झाडं आणि घरापर्यंत येणारा चारशे फुटांचा खडीचा रस्ता. तो रस्ता सप्टेंबरात फ्लोरेन्स वादळाच्या पावसात अर्धा वाहून गेला. माणूस बोलावला, तो स्वतःचा ट्रॅक्टर ट्रेलरवर घालून आला, दिवसभर काम केलं, नऊशे डॉलर घेतले आणि जाताना सांगून गेला की वर्षातून दोनदा हे करावं लागेल. बायकोनं त्याच रात्री हिशेब मांडला. "वर्षाला अठराशे, वर गवत कापायचे वेगळे. तू शेतकऱ्याचा मुलगा आहेस ना?"

झालं, तिथून पुढचे सहा महिने ट्रॅक्टर बघण्यात गेले.

इथं पंचवीस घोड्यांच्या (एचपीच्या) आसपासचा ट्रॅक्टर घ्यायचा म्हणजे रंग केशरी असो, निळा असो की लाल, माल बहुतेक वेळा जपानचा नाहीतर कोरियाचा, अख्खा नाहीतर निदान इंजिन तरी. कोरियाच्या किओटी आणि एलएस या दोन्ही कंपन्यांची अमेरिकेतली मुख्य ऑफिसं आमच्याच राज्यात आहेत, वेंडेल आणि बॅटलबरोला, त्यामुळं आमच्याकडं दर दोन गावं सोडून कोरियन ट्रॅक्टर दिसतो. पण मी पहिल्यांदा गेलो ते भावनेपोटी महिंद्राच्या शोरूमला. महिंद्रा अमेरिकेत १९९४ पासून आहे आणि इथल्या शेतकऱ्यांत नाव चांगलं आहे, वजनदार गाडी म्हणून. लाल ट्रॅक्टर बघून छाती फुगली, बायकोला म्हटलं फोटो काढ, आबांना पाठवू. मग खाली वाकून प्लेट वाचली तर मेड इन कोरिया. छोटी मॉडेलं ते तेव्हा कोरियात आणि जपानमध्ये बनवून घ्यायचे, जपानच्या मित्सुबिशीच्या शेती यंत्रांच्या कंपनीत तर महिंद्रानं २०१५ मध्ये ३३ टक्के हिस्सा घेतला होता. म्हणजे मी सांगलीचा, दुकान कॅरोलिनातलं, नाव मुंबईचं आणि ट्रॅक्टर कोरियाचा. फोटो पाठवला तरी, प्लेटचं काही बोललो नाही.

नव्याचा भाव लोडरसकट (पुढं माती उचलायची बकेट असते तो) सोळा हजाराच्या घरात होता. एका डीलरकडं (नाव नको) बोर्ड लावलेला, ८४ महिने, शून्य टक्के व्याज. मी विचारलं रोख दिले तर? तर म्हणे चौदाशे कमी. मग ते शून्य टक्के कुठं गेलं? व्याज आधीच किमतीत बसवून ठेवलेलं, हे आपल्याकडं फ्रीजच्या दुकानात पण करतात, इथं फक्त बोर्ड मोठा.

ब्रोशरं वाचता वाचता दोन गोष्टी शिकलो त्या सांगून ठेवतो. एक म्हणजे सगळ्या कंपन्यांचे आकडे २४.५, २४.७ असे पंचविसाच्या आत का थांबतात. तर १९ किलोवॅट म्हणजे साधारण २५ घोड्यांच्या वर गेलं की २०१३ पासून इथले धुराचे नियम एकदम कडक होतात, मग बहुतेक जण सायलेन्सरमध्ये धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर घालतात, तो मधूनमधून स्वतःला जाळून साफ करतो, सेन्सर आले, कॉम्प्युटर आला. ते सगळं टाळायचं म्हणून पंचविसाच्या आत. (आपल्याकडंही ५० घोड्यांच्या वरच्यांना जानेवारी २०२३ पासून ट्रेम फोर हे धुराचे नियम लागलेत, तेव्हा तिकडचे लोक पण आता ४९ आणि ५० चा खेळ बघत असतील.) दुसरं म्हणजे लोडर किती वजन उचलतो तो आकडा. मोठ्या अक्षरात लिहिलेला आकडा बकेटच्या पिनपाशी मोजलेला असतो. माती काय पिनपाशी नसते, ती बकेटमध्ये पुढं असते. पिनच्या अर्धा मीटर पुढं मोजलेला आकडा बारीक अक्षरात खाली असतो आणि तो बराच कमी असतो. टेस्टिंगवाल्याला असली बारीक अक्षरं वाचायची खोड असते.

सोळा हजार मला द्यायचे नव्हते. देऊ शकत नव्हतो असं नाही, पण वर्षाला साठ-सत्तर तास चालणाऱ्या यंत्रासाठी सोळा हजार, हे मनाला पटेना.

मग ग्रे मार्केट. ग्रे म्हणजे चोरीचा माल नव्हे. जपानमधल्या भातशेतीत दहा-वीस वर्षं चाललेले ट्रॅक्टर, कंपनीनं फक्त जपानसाठी बनवलेले, तिसरेच लोक कंटेनरनं आणून इथं विकतात. कुबोटा कंपनीनं याविरुद्ध इथं केस केली होती आणि १९९९ मध्ये कोर्टात जिंकली, जपानसाठी बनवलेले जुने कुबोटा आणायला बंदी आली. मुद्दा असा की नाव तेच पण वस्तू ती नाही, लेबलं जपानी, इथल्या डीलरकडं पार्ट नाही, सुरक्षेच्या गोष्टी वेगळ्या. यानमारचे मात्र भरपूर मिळतात, आणि एका अर्थानं ते वाईट नाहीत, कारण जॉन डिअरचे जुने ८५० आणि ९५० हे छोटे ट्रॅक्टर यानमारनंच बनवून दिलेले होते, त्यामुळं त्या घराण्याची ओळख इथल्या मेकॅनिकला आहे.

दोन तास गाडी मारून एका विक्रेत्याकडं गेलो. ओळीनं पंधरा-वीस उभे, सगळे नव्या रंगात चकचकीत. साडेसहा हजार, नवा लोडर लावून. मीटरवर ६४० तास. आता ६४० तासात काय झिजतं? क्लच पेडलचं रबर झिजून आतलं लोखंड चांदीसारखं चमकत होतं. पायाचा अंगठा जिथं येतो तिथं खळगा पडलेला. आणि रंग असा मारलेला की ग्रीसच्या निपलवर पण रंग, रबरी पाइपवर पण रंग. निपलवर रंग म्हणजे रंग दिल्यापासून तिथं ग्रीसची गन लागलेली नाही.

आबांना व्हिडिओ कॉल लावून दाखवला. त्यांनी अर्धा मिनिट बघितला. "लेका, बैलबाजारात शिंगं तासून हिंगूळ लावून आणत्यात तसं हाय ह्ये. दात बघ, शिंगं बघू नगंस." शिवाय त्याला मागं ती लोखंडी कमान नव्हती, रॉप्स म्हणतात ती, ट्रॅक्टर उलटला तर माणसाला वाचवणारी. माझी जागा मागं ओढ्याकडं उतरती आहे. तो विषय तिथंच संपला.

चिनी ट्रॅक्टरची जाहिरात मार्चात दिसली. २००७ चा, पंचवीस घोडे, फोर व्हील ड्राइव्ह, लोडर आणि बॉक्स ब्लेडसकट (मागं लावून माती-खडी सपाट करायचं पातं) ३८०० डॉलर. ब्रँडचं नाव मुद्दाम सांगत नाही. या चिनी ट्रॅक्टरांच्या मॉडेलचे नंबर वाचायला सोपे असतात, २५४ म्हणजे २५ घोडे आणि चार चाकांना ड्राइव्ह, २८४ म्हणजे २८. दोन हजार सालानंतर हे इथं बरेच आले, लाकडी खोक्यातून अर्धवट जोडलेले यायचे, छोटे छोटे दुकानदार विकायचे, मग त्यातले बरेच दुकानदार गायब झाले. माझ्या ओळखीतल्या एका गुजराती मोटेलवाल्यानं तेव्हा असाच एक नवा कोरा घेतला होता. तो मोटेलच्या मागं उभा आहे, आता त्याच्या पुढच्या ॲक्सलमधून झुडूप वर आलंय. पहिल्या वर्षी होज, म्हणजे तेलाची रबरी नळी, गेली, मग वायरिंग, मग दुकानदारानं फोन उचलणं बंद केलं. मी त्याला विचारलं घेऊ का, तर तो म्हणाला, "माझाच घेऊन जा ना, फुकट."

आबांना सांगितलं चिनी आहे. मला वाटलं शिव्या घालतील. ते म्हणाले, "मग काय झालं? आपल्या भागात पयला ट्रॅक्टर आला त्योबी भायेरचाच हुता की." खरंच आहे ते. साठ-सत्तरच्या काळात आपल्याकडं पूर्व युरोपातून बराच माल यायचा, रशियाकडचे बेलारूस, पोलंडचे उर्सुस, चेकोस्लोव्हाकियाचे झेटर. एचएमटीनं १९७१ ला पिंजोरला ट्रॅक्टर काढायला सुरुवात केली ती झेटरच्याच डिझाइनवर. आमचा २५११ म्हणजे झेटर २५११ च, फक्त नाव देशी. अजून गोठ्यामागं उभा आहे. सरकारनं २०१६ ला एचएमटीचा ट्रॅक्टर कारखाना बंद करायचं ठरवलं, पण त्याच्या आधीपासूनच आबा पार्टसाठी मिरजेच्या भंगारवाल्याकडं फेऱ्या मारत होते. म्हणून त्यांचा पहिला प्रश्न किमतीचा नव्हताच. "पार्ट कुठं मिळत्यात त्ये आदी बघ."

ते बघितलं. इथं दोन-तीन लोक आहेत जे फक्त चिनी ट्रॅक्टरचे पार्ट ठेवतात, ऑनलाइन मागवायचे, आठवड्यात घरी. इंजिनचे जवळजवळ सगळे पार्ट मिळतात कारण तेच इंजिन चार-पाच वेगवेगळ्या नावांच्या ट्रॅक्टरला बसवलेलं असतं. मग आबांनी पुढची यादी दिली, ती मी फोनमध्ये लिहून घेतली. त्याला सांग गाडी गार ठेव, आपण जायच्या आधी गरम करून ठेवली असेल तर समजायचं काहीतरी आहे. ऑइलची कांडी काढून बघ, पाणी शिरून दूध झालंय का. ऑइलचं झाकण काढून हात धर, बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे आतली हवा उलटी, किती मारतंय बघ. स्टेअरिंगला प्ले, म्हणजे ढिलेपणा, किती. लिफ्टवर वजन उचलून इंजिन बंद कर, चहा पी, मग बघ किती खाली बसलंय.

शनिवारी सकाळी सातला पोचलो, गवतावर दहिवर गोठलेलं. विकणारा एक म्हातारा, सत्तरीच्या पुढचा, कापड गिरणीत मशिनिस्ट म्हणून जन्म घालवलेला. या राज्यात पण एके काळी गिरण्याच गिरण्या होत्या, आपल्या लालबाग-परळसारख्याच बंद पडल्या. बोलायला कमी. मी गेलो आणि पहिल्यांदा इंजिनच्या मॅनिफोल्डवर हात ठेवला. बर्फासारखं गार. त्यानं ते बघितलं आणि किंचित हसला, म्हणाला रात्रीपासून हात लावलेला नाही.

चावी फिरवली. दोन-तीन वेळा गुरगुरला आणि धडधडायला लागला. पहिला धूर पांढरा, थंडीत येतो तेवढा, मिनिटभरात गेला. निळा नाही. झाकण काढून तळहात धरला तर नुसती उबदार फुंकर, तेलाचा थेंब नाही. लोडरनं खडीची अर्धी बकेट वर धरून इंजिन बंद केलं, म्हाताऱ्यानं खरंच कॉफी आणली, दहा मिनिटांनी बकेट जेमतेम दोन बोटं खाली आलेली. स्टेअरिंगला मात्र प्ले होता, चांगला इंचभर. टायर भेगाळलेले. सीट फाटून त्यावर चिकटपट्टी. रंग तर बघवत नव्हता, बॉनेटवरचा निळा रंग पापुद्रे सुटून खाली गंज. पण ग्रीसचा एकेक निपल पुसलेला, आणि प्रत्येकाच्या तोंडाशी ताज्या ग्रीसचा मणी.

मला दोन गोष्टींचा संशय होता. मीटरवर ४१२ तास. बारा वर्षांत ४१२? एकतर मीटर बदललाय, नाहीतर हा ट्रॅक्टर मोटेलवाल्याच्या ट्रॅक्टरसारखा सतत बंद पडून उभा होता. मी तसं सरळ विचारलं. त्यानं सीटच्या मागच्या टूलबॉक्समधून प्लॅस्टिकची पिशवी काढली, त्यात एक छोटी स्पायरल वही, पेन्सिलीनं लिहिलेली.

ती वही मी तिथंच बंपरवर बसून पूर्ण वाचली. तारीख, मीटर, काय केलं, किती पैसे. पहिलीच नोंद शून्य तासाची, खोकं उघडल्या दिवसाची: सगळे बोल्ट काढून परत टॉर्कनं आवळले, नऊ बोल्ट बदलले. तीन तास: इंजिन ऑइल, फिल्टर. अकरा तास: हायड्रोलिकचं तेल काढलं, वाळू. सतरा तास: परत काढलं, थोडी वाळू. तीस तास: परत, स्वच्छ. ही वाळू म्हणजे ओतकामातली. गिअरबॉक्सचं लोखंडी घर वाळूच्या साच्यात ओततात, ते नंतर नीट साफ करायचं असतं, स्वस्तातल्या कारखान्यात ते घाईत होतं आणि उरलेली वाळू तेलात उतरते, मग पंपात जाते. पुढं: रेडिएटरमधलं पाणी काढलं, नुसतं पाणी होतं, कूलंट भरलं. रेडिएटरचे दोन्ही पाइप. डिझेलच्या सगळ्या नळ्या. चाळीस तासांना अख्खी वायरिंग नवी, फ्यूज बॉक्स स्वतः बसवला. लोडरच्या फ्रेमचे बोल्ट ८.८ चे काढून १०.९ चे, म्हणजे जास्त मजबूत. अल्टरनेटर. पुढच्या चाकांचे बेअरिंग. एका पानावर नुसतं लिहिलेलं, मॅन्युअलमधला क्लचचा आकडा चुकीचा आहे, आणि खाली बरोबर आकडा.

आणि तास पण जुळत होते, दर वर्षी तीसेक. मीटर खरा होता.

तिथं बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं की नव्या स्वस्त ट्रॅक्टरमध्ये काय स्वस्त असतं. लोखंड काही स्वस्त नव्हतं, सव्वा टनाच्या वर वजन आहे, बीड जाडजूड, त्याच घोड्यांचे काही नवे ट्रॅक्टर याच्यापुढं खेळणं वाटतात. इंजिन साधं, पण चांगलं. स्वस्त होता तो शेवटचा हात. बोल्ट आवळणारा, वाळू धुणारा, नळी ओढून बघणारा माणूस कारखान्यानं ठेवलेलाच नव्हता, त्याचा पगार वाचवला आणि ते काम गिऱ्हाइकाच्या गळ्यात टाकलं. मोटेलवाल्यानं ते केलं नाही, त्याला माहीतच नव्हतं, तो बिचारा चावी फिरवून गवत कापायला निघाला. या म्हाताऱ्यानं गिरणीतला चाळीस वर्षांचा हात त्याच्यावर चालवला होता. हाच ट्रॅक्टर २००७ ला नवा मला कुणी निम्म्या किमतीत दिला असता तरी तो माझ्यासाठी महागच पडला असता, कारण शनिवार-रविवारी पाना घेऊन बसायची ताकद तेव्हा माझ्यात नव्हती.

दुसरी गोष्ट मला वहीत दिसली ती जास्त कामाची. जे बदललंय ते आता चांगलं आहे. जे बदललेलं नाही, ते कारखान्यातलं मूळचं, म्हणजे आज ना उद्या ते माझ्या नशिबी. मी मागच्या कोऱ्या पानावर यादी केली: पुढच्या डिफरन्शियलचं तेल कधी बदललेलं दिसत नाही, लोडरच्या होज मूळच्या, इंजिन बंद करायची केबल मूळची, स्टेअरिंगचे जॉइंट मूळचे, टायर. हिशेब केला, सातशे-आठशे डॉलर.

म्हणून मी म्हटलं, साडेतीन हजार. म्हातारा काही बोलला नाही. वही माझ्या हातातून घेतली, बंद केली, पिशवीत घातली आणि म्हणाला, "साडेतीनला ट्रॅक्टर देतो. वही नाही."

मी अडतीसशे दिले. बायकोला अजून पटलेलं नाही की मी तीनशे डॉलरला पेन्सिलीचं लिखाण विकत घेतलं. विकत का होता हे निघताना विचारलं, तर गुडघे दाखवले. क्लच दाबवत नाही म्हणाला.

घरी आणल्यावर पहिलं काम पुढच्या डिफरन्शियलचं. खाली घमेलं ठेवून प्लग सोडला. तेल आलंच नाही आधी. मग काळपट राखाडी असं काहीतरी लोंबत यायला लागलं, पिठल्यासारखं. बोटात घेऊन चोळलं तर रव्यासारखं करकरत होतं, आणि प्लगच्या चुंबकावर लोखंडाची बारीक लव, आणि एक निळा पापुद्रा, रंगाचा. कारखान्यात आतून-बाहेरून रंग उडवलेला दिसतो. बारा वर्षं ते पिठलं तिथंच होतं, म्हाताऱ्याच्या पण नजरेतून सुटलेलं. डिझेल घालून दोनदा धुतलं, नवं तेल भरलं, वीस तासांनी परत काढलं. दुसऱ्या वेळी पण थोडी करकर होती. तिसऱ्यांदा नाही.

मे महिन्यात केबल तुटली. इंजिन बंदच होईना, मी बाजूला उभा राहून डिझेल पंपावरची पट्टी पक्कडनं ओढून धरली तेव्हा बंद झाला, मुलगी बघून हसत होती. अकरा डॉलर. जूनमध्ये लोडरची डावी होज. ती फुटायच्या आधी मला एक ओली रेघ दिसली होती, आणि मी मूर्खासारखं बोट फिरवून बघायला गेलो. असं कधीच करू नका. त्या तेलाला एवढं प्रेशर असतं की सुईएवढ्या भोकातून ते कातडीच्या आत घुसतं, आणि मग सरळ ऑपरेशन. पुठ्ठा धरून बघायचं असतं. माझं नशीब, इंजिन बंद होतं. चारही होज एकदम करून घेतल्या, ट्रॅक्टरच्या नाही तर हायड्रोलिकच्या दुकानातून, एकशे नव्वद.

एक चूक ट्रॅक्टरची नव्हती, माझीच. रस्त्यावर खडी पसरताना मागचं बॉक्स ब्लेड काढून ठेवलेलं, बकेट भरून छातीएवढी वर धरली आणि उतारावर वळलो. मागचं उजवं चाक उचललं. किती, एक फूट असेल, पण सीटवर बसलेल्याला तो मजला वाटतो. बकेट खाली सोडली, चाक धपकन टेकलं. या ट्रॅक्टरला कमान आहे पण तिचा उपयोग बेल्ट लावला तर, आणि मी बेल्ट लावलेला नव्हता. गावाकडं ट्रॅक्टरला बेल्ट कुणी बघितलाय? आबांना सांगितलं नाही. बायकोला पण नाही. त्या दिवसापासून लोडर चालवताना मागं वजन लावल्याशिवाय निघत नाही आणि बकेट गुडघ्याच्या वर नाही.

पहिल्या वर्षाचा हिशेब: ट्रॅक्टर ३८००, आणायला ट्रेलर भाड्यानं १२०, तेल-फिल्टर-कूलंट २६०, होज १९०, बॅटरी ११०, स्टेअरिंगचे जॉइंट ९५, सटरफटर ६० धरा. ४६३५. आणि माझे शनिवार, नऊ तरी. ते पैशात धरले तर हिशेब बिघडतो हे मला माहीत आहे, बायको तेच म्हणते. तिचं म्हणणं, नवा घेतला असता तर तू शनिवारी घरात असतास. मी म्हणतो, मी घरातच असतो की, शेडमध्ये. यावर आमचं कधी एकमत व्हायचं नाही.

परवा एका ऑफिसमधल्यानं, नागपूरकडचा मुलगा आहे, नुकतीच तीन एकर घेतलीय, मला विचारलं की सर चायनीज घेऊ का, एक नवा दिसतोय बराच स्वस्त. मी त्याला विचारलं तुला टॉर्क रेंच, बोल्ट मोजून आवळायचा पाना, माहीत आहे का. नाही म्हणाला. मग त्याला सांगितलं कोरियन घे, डीलर घरापासून वीस मिनिटांच्या आत असेल तोच घे, आणि रोखीचा भाव वेगळा विचार. तो जरा नाराज झाला, त्याला वाटलं होतं मी हो म्हणेन.

आबा अजून दर रविवारी विचारतात, गाडी काय म्हणतीय. आता मीटर ७३० च्या पुढं गेलाय. वही भरत आलीय, पेन्सिल मी पण ठेवलीय, फक्त माझ्या नोंदी मराठीत आहेत, तेव्हा पुढं विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक पण मराठीच शोधावं लागणार. सध्या पुढच्या डाव्या चाकाच्या सीलमधून तेल झिरपतंय, खाली पुठ्ठा टाकून ठेवलाय, सकाळी बघितलं तर रुपयाएवढा डाग. सील मागवलंय, गुरुवारी येईल.